बारदान

किराणा मालाच्या व्यापारात 'बारदान' असा एक शब्द आहे. माल ज्यात भरून येतो ते पोते, तो डबा, ती लाकडी पेटी म्हणजे बारदान. तराजूवर माल चढला की त्यातून बारदानाचे वजन वजा करायचे आणि उरेल त्याचे पैसे द्यायचे. वजनातून आणि हिशोबातूनही वजा होणाऱ्या या वस्तूवर निपाणी-बेळगाव पट्ट्यातल्या सामान्य घरांनी जवळजवळ शंभर वर्षे आपला संसार मांडला. इतिहासाच्या पुस्तकात याला जागा नाही. पुस्तकात राजे असतात, तह असतात, सीमाप्रश्नही असतो. पण त्या काळात पीठ कशात ठेवत होते, हे नसते.

माझे आजोळ निपाणीचे, आणि घर गोव्यात डिचोलीला. त्यामुळे घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन्हीकडचा सामान ठेवण्याचा रिवाज मी लहानपणापासून बघत आलो आहे. हल्ली वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत स्वस्तातल्या डब्यांनी घर कसे लावावे यावर लेख येतात. एका मापाचे, एका रंगाचे डबे आणावेत, त्यावर चिठ्ठ्या लावाव्यात, वगैरे. सल्ला वाईट नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे डबा हा विकत आणायचा असतो. आमच्या आजोळच्या गल्लीत रिकामा डबा विकत आणणाऱ्या बाईला लोकांनी उधळीच म्हटले असते!

डब्याच्या आधी काय होते? धान्यासाठी बांबूची कणगी होती, शेणमातीने आतून-बाहेरून सारवलेली. मोठ्या शेतकऱ्याकडे जमिनीतले पेव. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आपण सगळेच वापरतो, पण पेव पाहिलेला माणूस आता विरळा. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे होती, त्यातली पुष्कळशी २००५ च्या महापुरात गेली. पेव उघडल्याबरोबर आत उतरणारा माणूस गुदमरून मरू शकतो, म्हणून आधी हवा खेळू द्यावी लागे.

पण गरिबाच्या घरात ना पेव ना मोठी कणगी. तिथे होती उतरंड. सर्वांत खाली मोठा डेरा, त्यावर मडके, त्यावर गाडगे, असे करत वर अगदी लहानसे बोळके. भिंतीच्या कोपऱ्यात चुंबळीवर ही रास उभी असायची. घराच्या चार चौरस फुटांत जोंधळा, डाळ, मीठ, चिंच, बियाणे असा सगळा संसार. 'जातीची उतरंड' असे आपण भाषणांत ऐकतो, त्या शब्दामागची वस्तू ही. उतरंडीचा गुण म्हणजे ती जागा खात नाही. दोष म्हणजे तळातल्या डेऱ्यातून काही काढायचे तर वरची सगळी मडकी उतरवावी लागतात. म्हणून रोजचे वर आणि वर्षाचे खाली, हा नियम त्यातून आपोआपच आला. घर लावण्याचे शास्त्र म्हणतात ते यापेक्षा वेगळे काय असते?

बेळगाव भागात मडक्यांना तोटा नव्हता. खानापूरची माती आणि तिथले कुंभार प्रसिद्धच आहेत. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने कुंभारकामाचे शिक्षण देणारी संस्था काढली तीही खानापुरातच. आमच्याकडे डिचोलीचे कुंभार होते. गोव्यात जरा ऐपतीच्या घरी मडक्याच्या जोडीला चिनी मातीची मोठी बरणी असे, तिला आपण 'बुयांव' म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज 'बॉयांव'चा. लोणचे, खारातले आंबे, आणि काही घरांत फेणीही, या बुयांवात सुखाने नांदत असे.

या मातीच्या राज्यात पत्रा शिरला तो रॉकेलच्या पाठीवर बसून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतले खनिज तेल आशियात येऊ लागले. 'रॉक ऑइल'चे आपण 'रॉकेल' केले. एका लाकडी पेटीत दोन चौकोनी डबे, प्रत्येक डब्यात अठरा-एकोणीस लिटर तेल. याबाबत एक गंमतीची हकीकत आहे. १८९२ मध्ये मार्कस सॅम्युएल या लंडनच्या व्यापाऱ्याने 'म्युरेक्स' नावाचे टाकीवाले जहाज सुएझ कालव्यातून पूर्वेकडे आणले. पुढे 'शेल' म्हणून जगभर नाव झालेली कंपनी ती याचीच. तेल सुटे आणले की डब्यांचा खर्च वाचतो, आणि गिऱ्हाईक आपापले भांडे घेऊन येईल, असा त्याचा हिशोब होता. हिशोब चुकला. पूर्वेकडच्या लोकांना तेलाइतकाच डबाही हवा होता! स्टँडर्ड ऑइल कंपनीचे निळे डबे कापून लोक छपरापासून चहाच्या गाळणीपर्यंत सगळे बनवत होते. शेवटी सॅम्युएलला पत्रा धाडून जागोजागी डबे बनवण्याची सोय करावी लागली, आणि त्याने ते लालभडक रंगवले. जगातल्या बलाढ्य तेल कंपन्यांना बारदानाची किंमत कळली ती अशी, गरीब गिऱ्हाइकाकडून.

आपल्या भागात त्याच सुमारास रेल्वे आली. १८८० च्या दशकात बेळगाव रेल्वेने जोडले गेले, आणि मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा आमचा मार्गही त्याच दशकातला. जहाजातले डबे घाट चढू लागले. मग १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत बेळगाव-धारवाडकडे त्याने हाहाकार केला. माणसे घरे सोडून माळावर झोपड्या बांधून राहू लागली. डबे प्लेगमुळे पसरले असे मी म्हणणार नाही. पण उतरंड डोक्यावर घेऊन माळावर जाता येत नाही, डबा जातो. आणि मातीच्या मडक्याच्या तोंडावरचे फडके उंदीर कुरतडतो, पत्रा त्याला कुरतडता येत नाही. एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

रॉकेलचा डबा तसाच घरात घेता येत नसे. आधी राखेने आणि उकळत्या सोड्याच्या पाण्याने धुवायचा, मग चार दिवस उन्हात उलटा ठेवायचा. तरी वास राहिलाच तर त्यात धान्य नाही, शेंगांची पेंड किंवा गोवऱ्या. वास गेला की डबा झाळणाऱ्याकडे. झाळणारा वरचा पत्रा कापून कडा दुमडे, बिजागरीचे झाकण बसवे आणि कडी-कोयंडा लावून देई. अशा एका डब्यात बारा-तेरा किलो जोंधळा मावतो. चौकोनी असल्यामुळे डब्याला डबा लागून बसतो, मध्ये जागा फुकट जात नाही. डबा गंजून तळाला भोक पडले की त्याची भुशाची शेगडी. शेगडीही संपली की पत्रा उलगडून न्हाणीच्या छपराला. एका डब्याचे असे तीन जन्म तरी होत. चौकोनी डब्याचा हा आकार इतका रुजला की रॉकेल जाऊन गोडे तेल आले तरी आकार तोच राहिला. आजही तेलाचा घाऊक भाव पंधरा किलोच्या डब्यावरच सांगतात.

डब्याची मोठी बहीण म्हणजे ट्रंक. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे आसपासच्या गावांत घर टाकून एक तरी फौजी, आणि प्रत्येक फौजीची एक काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. माणूस निवृत्त होऊन वारला तरी ट्रंकेवरचा नंबर तसाच. आत सुनेचे शालू.

१९३७ मध्ये डालडा बाजारात आला. पिवळा डबा, त्यावर हिरवे माडाचे झाड. वनस्पती तुपाला आपल्या बायकांनी नाके मुरडली, 'डालडा' हा शब्द नकली या अर्थी शिवीसारखा वापरला, पण डबा मात्र मनापासून स्वीकारला. आधी पौंडांच्या मापात आणि दशमान पद्धत आल्यावर किलोत, निरनिराळ्या आकारांचे हे गोल डबे आले आणि फळीवर प्रथमच लहान-मोठ्याची रांग लागली. आजी तोपर्यंत शेर, मापटे, चिपटे यांतच बोलत असे. तिच्या दृष्टीने दोन किलोचा डालडाचा डबा हे एक नवीन मापच होते. 'एक डालडा तांदूळ' असे ती सांगायची. नंतर अमूलस्प्रेचा डबा आला, म्हणजे घरात पाळणा हलला होता याचा पुरावा. तुळस लावायलाही डालडाचाच डबा, हे तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे.

आता निपाणीच्या खास गोष्टीकडे येतो. निपाणी म्हणजे तंबाखू. तेव्हाच्या चिकोडी तालुक्यातली काळी जमीन विडीच्या तंबाखूला मानवली आणि गावभर वखारी उभ्या राहिल्या. वखारीत तंबाखू कुटायला, चाळायला, निवडायला बायका, आणि घरी विड्या वळायलाही बायकाच. हजार विड्यांमागे दोनशे ते अडीचशे ग्रॅम तंबाखू आणि भिजवलेली तेंदूची पाने कारखान्यातून मोजून मिळत. सुपात तंबाखू घेऊन, पत्र्याच्या साच्यावर पान कापून, भरून, वळून, दोरा बांधून हजार पुऱ्या करायच्या. घर म्हणजे बहुधा एकच खोली. तिथेच चूल, तिथेच पाळणा, तिथेच तंबाखूचे सूप.

आजोळच्या शेजारी अशाच एक मावशी राहत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुट्टीत गेलो की आम्ही मुले त्यांच्या उंबऱ्यावर बसत असू. त्यांच्या घरातल्या डब्यांची रचना मला तेव्हा फक्त वेगळी वाटे, आज तिचा अर्थ कळतो. इतरांच्या घरी फळीवर वाट्या, उघडी पातेली, मिठाची दगडी असे काहीबाही असे. मावशींच्या घरात उघडे असे काही नव्हतेच. पाण्याच्या घागरीवर ताट आणि ताटावर तांब्या पालथा. पिठाच्या डब्याच्या झाकणाखाली जुन्या लुगड्याचा तुकडा, झाकण घट्ट बसावे म्हणून. चहाची पूड डब्यात डबी घालून ठेवलेली. तंबाखूची धूळ इतकी बारीक की ती फटीतून शिरते, आणि पीठ, चहा, दूध यांना वास चटकन लागतो. तंबाखू आणि पाने दाराकडच्या बाजूला, खायचे सगळे चुलीमागच्या फळीवर, आणि त्या दोहोंच्या मध्ये ओढणीसारखे लावलेले किलतान. दहा बाय दहाच्या खोलीत त्या बाईने कारखाना आणि घर यांची हद्द आखली होती. साधन काय, तर किराणा दुकानातून मिळालेले डबे!

मावशी म्हणायच्या, "आमच्या फुफ्फुसात जातंय ते जातंय, पोरांच्या भाकरीत नको." हे वाक्य त्या सहज बोलून जात, विडी वळता वळता, मान वर न करता. डबा हवाबंद असणे म्हणजे काय, हे मी त्यानंतर कुठल्याही जाहिरातीत इतके स्पष्ट वाचलेले नाही.

निपाणीचे नाव बाहेर झाले ते १९८१ च्या शरद जोशींच्या तंबाखू आंदोलनाने आणि त्यातल्या गोळीबाराने. ते शेतकऱ्यांचे होते, आणि मोठेच होते. पण त्याच काळात तंबाखू कामगार बायकांनीही संघटना केली, संप केले. १९८२ मध्ये 'युगांतर' या स्त्रियांच्या गटाने त्यांच्यावर माहितीपट काढला. सभेला, मोर्चाला जाणाऱ्या या बायका घरी परतल्यावर पुन्हा झाकणाखाली फडके घालत होत्या, हे ध्यानात घेतल्याशिवाय तो लढा पुरता कळत नाही असे मला वाटते.

प्रत्येक घरात एक डबा स्वयंपाकाचा नसे. आजोळी तो बिस्किटांचा चौकोनी डबा होता, ट्रंकेच्या तळाशी. त्यात कागद. मी पेशाने कारकून, जुने कागद बघितले की हात शिवशिवतात. मोठेपणी तो डबा मी मुद्दाम उघडून सगळा लावून दिला. वरच्या थरात सगळे कानडी. उतारे, कराच्या पावत्या, शिधापत्रिका. खाली गेलो तसे एका ठिकाणी कागद एकदम मराठी झाले, मुंबई राज्याचे. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला ती तारीख मला पुस्तकातून ठाऊक होती. डब्यात ती दोन कागदांच्या मध्ये दिसली. महाजन आयोग आला, त्याचा अहवाल १९६७ मध्ये आला, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे, बेळगावचे २०१४ मध्ये बेळगावी झाले. कागद मराठीत मिळावेत ही मागणी आजही चालू आहे. शेजारच्या मावशींच्या कागदांच्या डब्यात विडी कामगाराचे ओळखपत्र असे. घरी बसून विड्या वळणारी बाई ही कामगार आहे हे १९६६ च्या कायद्याने मानले, आणि १९७६ च्या कल्याण निधीच्या कायद्याने दवाखाना, शिष्यवृत्ती असे काही लाभ आले. ते मिळवायचे तर ओळखपत्र हवे. म्हणून ते गहू-तांदळापेक्षा जपून.

एक मात्र खरे. ज्या डब्यात हे कागद, त्या डब्याला मराठीत डबा आणि कानडीत डब्बी. बुट्टी दोघांची, गोणी दोघांची. उताऱ्यालासुद्धा तिकडे 'उतार'च म्हणतात. वस्तूंची नावे आयोगाला विचारून ठरत नाहीत.

आई लग्न होऊन डिचोलीला आली तेव्हा तिच्याबरोबर घाटावरून अर्धा डझन डबे आले. आमच्याकडे पावसाआधीच्या बेगमीला 'पुरुमेंत' म्हणतात, तो शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला. सोले, सुके मासे, मीठ, मिरची, कांदे. मिरची बहुतेक घाटावरची, आईच्या आग्रहाने संकेश्वरी. घरात मातीची भांडी आणि बुयांव होतेच, आणि एक ऑलिव्ह तेलाचा पोर्तुगीज अक्षरांचा डबाही होता. तो नाकेबंदीच्या काळातला, असे बाबा सांगत. १९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली, रेल्वे बंद झाली, बेळगावची भाजी थांबली. मग पोर्तुगीज सरकारने हॉलंडचे बटाटे, पाकिस्तानचा तांदूळ, सिलोनचा चहा आणला. भाजी बेळगावाहून येण्याऐवजी बटाटे हॉलंडहून! ते बटाटे खाऊन संपले, डबा राहिला. आईने त्यात पापड ठेवले. आमच्या दमट हवेत घाटावरचा पत्रा दोन पावसाळ्यांत गंजतो हे तिला लवकरच कळले. तिने डब्यांना बाहेरून रंग दिला, आणि मीठ मात्र पत्र्याच्या जवळपासही येऊ दिले नाही. ते मातीतच. घाटावर मिठालाही जागा कुठेही चालते, आमच्याकडे ते पाझरते.

ही सगळी व्यवस्था मोडली ती स्टीलने नव्हे. स्टीलचे डबे आले, जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायकांनी ते घरोघर पोचवले, पण ते मानाचे. दर्शनी फळीवर ते, आत पत्राच. व्यवस्था मोडली पिशवीने. ऑगस्ट १९९८ मध्ये दिल्लीकडे भेसळीच्या मोहरी तेलाने माणसे मेली, आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने खाद्यतेल बंद वेष्टनातच विकण्याचा आदेश काढला. सुटे तेल लगेच थांबले नाही, पण लिटरची पिशवी गावोगाव पोचली. पिशवी रिकामी झाली की तिचे काय करणार? दुकानदाराकडे रिकामे डबे कमी पडू लागले. पुढे २०१८ च्या नियमांनी जुन्या पत्र्याच्या डब्यांत पुन्हा तेल भरायलाही बंदी केली. आरोग्याच्या दृष्टीने दोन्ही योग्यच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माल घेतला की साठवणीचे भांडे फुकट मिळण्याची जी सोय गरीब बाईला होती ती यात गेली, आणि कुठल्याच टिपणीत तिची नोंद झाली नाही. बारदान वजाच झाले!

मागच्या मे महिन्यात चोर्ला घाटाने बेळगावला आणि तिथून निपाणीला गेलो होतो. मावशी आता नाहीत, त्यांची सून विड्याच वळते. तिच्या फळीवर पानाच्या टपरीवरच्या गोळ्यांच्या पारदर्शक बरण्या होत्या, आइस्क्रीमचे डबे होते, आणि खाली रंगाच्या वीस लिटरच्या दोन बादल्या, कुणा रंगाऱ्याकडून पन्नास-पन्नास रुपयांना घेतलेल्या. एकीत जोंधळा, दुसरीत तांदूळ. बादलीचे झाकण उघडायला तिला चमच्याचा दांडा लावावा लागत होता.

"घट्ट बसतं," ती म्हणाली. "म्हणूनच घेतली."